चार टक्के

नारबरो रोडवरच्या दुकानात
दिवसभर फुटक्या काचा बदलते मी.
चिमट्याने बॅटरी उचलते, फुंकर घालते,
मेलेला फोन डोळे उघडतो.

एक निळा कुमुदला पाठवला होता.
वाशीमला पोचला.
दिवसा जावईबापूंच्या खिशात असतो,
संध्याकाळी पोरांच्या भांडणात.
भांडी आटपून तिच्या ओल्या हाती येतो
तेव्हा चार टक्के उरतात.

“ताई, अंगणवाडीचा फॉर्म भरत आणला गं,
पण ओटीपी ह्यांच्या नंबरवर गेला
आणि हे झोपलेत. उठवू का—”

लेस्टरात अजून ऊन आहे.
काउंटरपलीकडून गिऱ्हाईक विचारतं, माझा झाला?
झाला, म्हणते. फुल चार्ज.
काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा राहिलाय,
पदर नाही, म्हणून बाहीनं पुसते.