छप्पन्न अंश

बोपोडीच्या फाटकामागे, रुळांकडे पाठ करून
ताहेरा मुलाणीचा गोठा.
डेंग्यूच्या दिवसांत इथे औंधातल्या गाड्या थांबतात,
काचा खाली होतात, स्टीलचे डबे बाहेर येतात:
शेळीचं दूध आहे का, ताजं,
पेशी वीस हजारांवर आल्यात.
ताहेरा भाव वाढवत नाही.
गाडीचा नंबर मात्र बघून ठेवते.

मी प्रयोगशाळेतला परिचर.
शेळीच्या मानेतून रक्त काढतो, नळीला चिकटपट्टी लावतो.
साहेब म्हणतात, आकडा लिही.
ताहेरा म्हणते, नाव लिहा.
म्हणून माझ्या खोक्यात
बिजली, शहाबादी, मास्तरीण, दुसरी बिजली.

अकरातल्या सात निघाल्या.
कागदावरची तीन इंग्रजी अक्षरं मी वाचून दाखवली.
"ही तर गुडघी," ती म्हणाली,
जणू त्या पाहुणीचं पाळण्यातलं नाव
हिलाच ठाऊक.

तिने आधीच पाहिलं होतं सगळं.
मास्तरीण पुढचे गुडघे टेकून चरते,
सांधे कवठाएवढे, केस झिजून घट्टे पडलेले,
कास दगड,
आणि त्या दगडातून सुईएवढी धार.
गेल्या पौषात तीन महिन्यांचं करडू
आधी मागच्या पायांनी लुळं पडलं,
मग मान वळली, वळतच राहिली,
पाठीमागून कुणी हाक मारल्यासारखी.
तिळाचं तेल चोळून झालं.
कॅल्शियमची दोन इंजेक्शनं झाली.
पाचव्या दिवशी तिनेच ते पोत्यात गुंडाळलं
आणि पोतं परत धुऊन वाळत घातलं,
कारण पोतं चांगलं होतं.

औषध नाही. लस नाही.
एवढं सांगायला मला दोन चहा लागले.

दुधातून जातं, मी म्हटलं. चिकातून.
पहिल्याच घोटातून.
एक मालगाडी गेली, डबे मोजता यावेत इतकी सावकाश.
मग तिने विचारलं, "त्या गाडीवाल्यांना?"
माणसाला होत नाही.
"म्हणजे आईचंच लेकराला."
हो.
"आईला माहीत नसतं."
या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह होतं की नाही
मला कळलं नाही.
रिपोर्टात त्यासाठी रकाना नाही.

साहेबांचा सल्ला मी सांगितला: सात वेगळ्या करा,
जमलं तर काढून टाका.
"जमलं तर," ती म्हणाली,
आणि दुसऱ्या दिवशी मधोमध पत्रा ठोकला.

बिजलीचे दिवस भरले तेव्हा रात्री दोनला फोन.
सायकल काढली, थर्मामीटर खिशात.
ओलं करडू तिने चाटायच्या आत
मी टॉवेलात उचललं. नियमच तसा.
बिजलीची जीभ बाहेर आलेली
तशीच राहिली हवेत.

गॅसवर पातेल्यात पातेलं, त्यात चीक.
छप्पन्न अंश, एक तास.
साठाच्या पुढे गेला की खरवस,
आणि ताहेराचा नातू जागाच आहे,
तो म्हणतो, जाऊ द्या ना पुढे.
थर्मामीटर माझ्याकडे, घड्याळ तिच्याकडे.
पत्र्याच्या पलीकडे बिजली ओरडते,
अलीकडे करडू, अजून नीट न जमणाऱ्या आवाजात.
चोपन्न. पंचावन्न.
तास किती मोठा असतो
हे मी नोकरीत कधी मोजलं नव्हतं.

चाळिसाव्या मिनिटाला ताहेरा उठली.
करडाला कोरड्या गोणपाटात घेतलं,
तो ओला, चिकट टॉवेल उचलला
आणि पत्र्यावरून बिजलीपुढे टाकला.
"हे चालतं का?"

पुस्तिका मला पाठ आहे.
टॉवेलाबद्दल तीत काही नाही.

बिजलीचं ओरडणं थांबलं.
पत्र्यामागून चाटण्याचा आवाज,
खरखरीत, कडेपासून कडेपर्यंत,
एकही कोपरा न सोडता.

सत्तावन्न झाले होते.
मी आच कमी केली.