चौथा सड

नागणसूरच्या नीलव्वाची जर्सी
मागच्या डाव्या सडाला हात लावू देत नाही.
कास दगड. दुधात गाठी.

मी सोलापुरात बशी उजेडाला धरतो:
सहा औषधांच्या सहा चकत्या,
एकीभोवतीही मोकळी जागा नाही.
जंतू चकतीला पाठ टेकून बसलेत,
पारावर बसावं तसे.

फोनवर विचारलं, आधी काय सोडलं होतं?
"ट्यूबा. दोन दिवस. दूध पांढरं झालं,
मग उरलेल्या कोनाड्यात ठेवल्या, पुढच्या खेपेला."

पुढची खेप हीच.

तीन सडांचं डेअरीला घालते म्हणाली.
चौथा सगळ्यात शेवटी पिळते,
चुना टाकून खड्ड्यात ओतते,
हात कोपरापर्यंत धुते.
वासरू दोरीच्या टोकाशी येऊन
खड्ड्याचा वास घेतं.