आठवण असलेला धातू

भूल देणाऱ्या बाईंनी फाईल मिटली.
ऑपरेशन नको, म्हणाल्या, हृदय तेवढं टिकायचं नाही.
बाबा खिडकीतून तोर्शाव्हनच्या बंदरातल्या बोटी मोजत होते.
तीनदा मोजल्या.
तिन्ही वेळा आकडा वेगळा.

सात महिने मांडीला पट्ट्याने बांधलेली ती पिशवी.
पँटवरून फुगवटा दिसतो म्हणून चर्च सुटलं,
मेंढ्या डोंगरावरून उतरवायला सामल गेला एकटाच,
आणि बाबा स्वयंपाकघरात बसून
त्याच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकत राहिले.

डेन्मार्कहून आलेल्या डॉक्टरने
त्यांच्या तळहातावर एक वेटोळं ठेवलं,
करंगळीहून बारीक, चकचकीत.
"या धातूला आठवण असते, हानुस.
आत बसवून गरम पाणी सोडलं
की आपला आकार आठवून फुलतो, वाट उघडी धरतो.
काढायचा झाला तर थंड पाणी. लगेच मऊ पडतो."
बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं,
गळ पारखावा तसं,
मग माझ्याकडे वळले:
"बिर्गिट, काय म्हणतोय हा?"

बिर्गिट माझी आत्या.
तिला जाऊन बारा वर्षं झाली.
"सांगते," मी म्हटलं. तिच्या वतीने.

वीस मिनिटं. जागेपणीच.
माझी बोटं त्यांनी एवढी आवळली
की अंगठीचा वळ उठला.
सरकू शकतं, डॉक्टर म्हणाला,
खर धरू शकतं, मग बदलावं लागेल.
"होडीचंही तसंच असतं," बाबा म्हणाले
आणि त्याच्याकडे टोपी मागितली.
टोपी डोक्यावरच होती.

समुद्राखालच्या बोगद्यात म्हणाले, थांबव.
इथे नाही थांबता येत, बाबा.
थांबव.
अजून चार किलोमीटर, बाबा. तीन.
आमच्या बेटावर बाहेर पडलो आणि मी
गवताच्या कडेला गाडी घातली.

ते उतरले. काठी दारात अडकली, तशीच सोडली.
वारा कुठून आहे ते आधी पाहिलं.
गालाने, डोळे मिटून, तरुणपणी बोटीवर पाहायचे तसं.
मग पाठ फिरवली.

मी रेडिओ बंद केला.
काच थोडी खाली घेतली, का कोण जाणे.
खूप वेळ नुसता वारा.
मग तो आवाज.

परत आले तेव्हा बटणं एकाआड एक लागलेली.
बसले, पट्टा लावू दिला.
"बिर्गिट," म्हणाले, "धार लागली गं, चांगली."
"ऐकली मी, दादा," मी म्हटलं,
आणि गाडी सुरू करायला
मला जरा वेळ लागला.