समाज एक, समिती अकरा

अख्ख्या बीडात आयरिश माणूस एकच.
नाव ब्रीद. आडनाव आम्हाला कधी नीट म्हणता आलं नाही.
नावाचा अर्थ विचारला तर म्हणली,
"आमच्याकडं हे एका संतिणीचं नाव,
तुमच्याकडं दिल्या शब्दाचं. चालवून घ्या."
सव्वीस वर्षं पोरींना नर्सिंग शिकवतेय,
पोस्टमन अजून पाकिटावर ब्रीदचं बीड वाचतो
आणि पत्र शहरभर फिरून येतं.

एका फेब्रुवारीत सहज बोलून गेली,
सतरा मार्चला आमच्याकडं लोक
हिरवं घालून रस्त्यावर येतात.
एवढंच. चहा संपवला, कप विसळला, ड्युटीवर गेली.
किडा आमच्या डोक्यात सोडून.

तर समाज एकटीचा, समिती अकरा जणांची.
अध्यक्ष निवृत्ती ढाकणे, मंडपवाला.
खजिनदार मी, द्वारका उजगरे,
कारण वॉर्डातल्या औषधांचा हिशेब माझ्याकडं
आणि एक गोळी इकडची तिकडं होत नाही.
बाकीचे नऊ सदस्य,
म्हणजे खुर्च्या उचलणारे.

आधी झेंडा.
हिरवी झालर मोईननं दिली, उरुसातून उरलेली.
भगवी निवृत्तीच्या गोदामातली, शिवजयंतीची.
मधल्या पट्ट्याला मी वॉर्डातली चादर काढली,
धुतलेलीच, पण कोपऱ्यात आयोडिनचा डाग.
हयात टेलरनं तिन्ही एका दोऱ्यात शिवले,
पैसे घेतले नाहीत, सुई मोडली तिचे सांगितले.
मी म्हणलं, डाग वळवून आत घ्या.
ब्रीदबाईनं हात धरला.
"राहू दे गं. आमच्याही मधल्या पट्टीवर पुष्कळ आहेत."

मग पान.
तिनं केसपेपरच्या मागं काढून दाखवलं,
एका देठाला तीन.
मार्च महिना, बिंदुसरेत नुसते गोटे,
गवत असं की काडी ओढली तर पेटेल.
कागद हातोहात फिरला,
शेवटी माळीकाम बघणारे सोपानकाका चष्मा वर करून म्हणले,
"आरं, ही तर मेथी हाय."

पहाटे चारला मंडईत गेलो.
साठ जुड्या म्हणल्यावर बाई विचारती,
"कुणाचं लगीन?"
काय सांगावं?
म्हणलं, मावशी, लगीन नाही, पण आमच्याच घरचं आहे.
तिनं दोन जुड्या वर टाकल्या.

नाच बसवायला महिना गेला.
हात अंगाला चिकटलेले, कवायतीसारखे,
पिसाळायचं ते फक्त पायांनी.
आमच्या पोरी लेझमात वाढलेल्या,
पाय लगेच आले, हात ऐकेनात.
मुश्ताकच्या बँडनं चाल उचलली,
बाईनं गुणगुणलेली, टाचेनं ठेका धरून.
तो म्हणला, सहाच मात्रा आहेत, घाबरताय कामून?
आणि हलगीवाल्यानं असा तोडा लावला
की पोरींचे हात सुटले ते सुटलेच.
बाई पहिल्या रांगेत, तोंडावर रुमाल.
हसत होती का दुसरं काही,
मी बघितलं नाही. माझ्याकडं जनरेटर होता.

खरं सांगू का,
मला त्या दिवसातलं सगळ्यात आवडतं ते रात्री अकरानंतरचं.
माईक बंद, धूळ खाली बसलेली,
प्रत्येकाच्या शर्टावर कोमेजलेली तीन पानं,
आणि खुर्च्या एकात एक सरकल्याचा आवाज.
पाठ मोडते. घसा बसतो.
घरी जावं वाटत नाही.

एकशे चाळीस आणल्या होत्या,
एकशे एकोणचाळीस भरल्या.
माझ्या हिशेबात असं चालत नाही.
टॉर्च घेऊन निघाले.
कडुनिंबाच्या मागं,
बूट काढून, पाय ताणून,
बाई बसलेली, मांडीवर सूप.
उरलेली मेथी निवडत होती.

"उठा," म्हणलं, "खुर्ची मोजायचीय."
"एवढी जुडी होऊ दे," म्हणली.
मग मीही जमिनीवर बसले, दोन काड्या घेतल्या.
सुपात खाली पालक निघाला.
कोणी आणला ते अजून कुणी कबूल करत नाही.
पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच.