चार मिनिटं

हेडली पिन्सेंटच्या दुकानात
रबरी बूट, रंगाचे डबे, उंदरांचे सापळे
आणि काचेच्या कपाटात तीन दुर्बिणी.
पहिली एकशे चाळीस डॉलर,
दुसरी दोनशे नव्वद,
तिसरीची चिठ्ठी त्याने पालथी घातलेली.

ही तिप्पट, ही नऊपट, ही चौदापट, तो सांगत होता.
मी म्हटलं, पटींचं मला काय,
मूस काही लहान नसतो.

मग तो हसला आणि खरं बोलला,
'दुपारी सगळ्याच चांगल्या असतात, व्हर्ना.
दुर्बीण घ्यायची ती संध्याकाळसाठी.'

जुनी एल्डनची होती.
त्याच्यासारखीच, दमट हवा लागली की आतून धुरकटायची.
गेल्या मोसमात शेवटच्या उजेडात
मी धुक्याच्या एका तपकिरी गोळ्यावर गोळी झाडली.
लागली. पण कुठे लागली ते दिसलं नाही.
मग टॉर्च, गुडघाभर दलदल, शेवाळावर रक्ताचे थेंब,
मध्यरात्र उलटून गेली,
आणि तो सापडला तेव्हा अजून श्वास घेत होता.
हे मी हेडलीला सांगितलं नाही.
गावात सगळ्यांना माहीत आहे.

यंदा परवाना तीन वर्षांनी माझ्या नावाने निघाला.
(गेल्या वर्षीचा दिराचा होता, मी त्याच्या जोडीला.)
फिश प्लांट ऑगस्टातच बंद झाला,
फ्रीझर तळघरात रिकामाच घुमतो,
त्याचं वीजबिल मात्र भरलेल्यासारखंच येतं.

म्हणून मी तिन्ही दुर्बिणी धक्क्यावर नेल्या.
ट्रकच्या बॉनेटवर पिठाची पिशवी, तिच्यावर एकेक टेकवून,
पलीकडच्या काठावर बांधलेल्या होडीवर रोखली.
हेडली मागे उभा, हातात घड्याळ, नाकाला पाणी.
मिल्ड्रेड जे., मी वाचलं.
सूर्य बुडाला. मिल्ड्रेड जे.
पाणी शिशासारखं झालं. मिल्ड्रेड जे.
एकशे चाळीसवालीतूनसुद्धा, स्वच्छ, मिल्ड्रेड जे.

स्वस्तात मस्त, असं म्हणणार होते
तेवढ्यात लक्षात आलं :
हे नाव मी वीस वर्षं वाचते आहे.
काळोख्या रात्री डोळे मिटून वाचेन.
एल्डननेच रंगवलं होतं, जे जरा तिरका.

धुक्यातला तो गोळाही
मला असाच पाठ होता का?

दुसऱ्या संध्याकाळी नोंदणीचा आकडा धरला,
तो कोणाला पाठ असतो?
पहिलीतून सात आणि एक आधी सारखे झाले,
मग नुसती पांढरी रेघ, मग रेघही नाही.
दुसरीने अकरा मिनिटं जास्त धरलं.
तिसरीने पंधरा.

हेडलीने पालथी चिठ्ठी सुलटी केली.
नऊशे साठ.
चार मिनिटांचे सहाशे सत्तर डॉलर,
मी बोटांवर हिशेब केला, मोजे काढून.
प्लांटवर इतके तर आठवड्याला नव्हते मिळत.
शिवाय दुर्बीण एकटी येत नाही :
बसवायची कडी वेगळी,
निशाण जुळवायच्या गोळ्या वेगळ्या,
आणि एक सबंध रविवार, खाणीत, पुठ्ठ्यावर.

'सूर्य बुडाल्यावर अर्धा तास कायद्याने तुझा,' हेडली म्हणाला,
'त्यातली चार मिनिटं सोडतेस?'

दोनशे नव्वदवाली दे, मी म्हटलं.
दहा डॉलर त्याने आपणहून सोडले
आणि पावतीवर दोनशे ऐंशी लिहिताना
वर पाहिलं नाही.

ती चार मिनिटं विकत घेतली असती
तर वापरावी लागली असती.
आता त्या वेळात तो दलदलीच्या कडेला आला,
बुटक्या स्प्रूसमधून, आधी झाड हलल्यासारखा,
मग झाडाला पाय फुटल्यासारखा,
तर येऊ दे.
मी तोवर थर्मासचं झाकण लावत असेन.