शिवलेला उंट

सोहारच्या बाजारात, गालिच्यांच्या दुकानाच्या वर
गुरुवारी संध्याकाळी पट मांडतात.
माझ्या पाटीवर लिहिलंय 'बेडणेकर'.
त्यांच्याकडे प नाही.
चालेल. बंदरात तर मी नुसता सत्तावीस नंबरची क्रेन.

समोर रय्या. वय तेरा.
तिच्या नावापुढे एकोणीसशे चाळीस,
माझ्या नावापुढे आडवी रेघ.
भिंतीपाशी तिची आई, मांडीवर कहव्याचा थर्मास.
दाढ काढायला आलेल्याकडे बघावं
तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

नवव्या चालीला प्यादं गेलं,
चौदाव्याला घोडा अडकला.
मामानं ओटीवर शिकवलेलं सगळं एवढ्यातच संपलं.

मग तिनं उंटाला बोट लावलं.
लावलं, उचललं नाही. हात मागे घेतला,
आणि हत्तीकडे वळली.
पंच पलीकडे कुणाच्या तरी मोबाईलवरून भांडत होता.
पाहिलं फक्त मी.

मी गप्प बसलो, असं सांगायला आवडलं असतं.
बावन्न वर्षांचा बाप्या, समोर एवढीशी पोर.
मी म्हणालो, "टच."
शिवलं की खेळायचं.
आमच्या गावात या एका शब्दानं
पाणवठे वेगळे केले होते;
इथं तो नुसता नियम, तिलाही, मलाही.

ती वाद घालत बसली नाही. कान तेवढे लाल.
उंट उचलून तिनं कोपऱ्यात ठेवला
आणि माझ्या अडकलेल्या घोड्यानं तिचा हत्ती खाल्ला.

पुढच्या अकरा चाली मी जिंकत होतो.
मोजल्यात.

बाराव्या चालीला तोच उंट
कोपऱ्यातून अख्खा पट तिरका कापत आला.
शह. मग काही उरलंच नाही.

तिनं सोंगट्या परत मांडल्या, न विचारता.
"इथं. प्यादं पुढे. मी हरले असते."
उंटावर बोट ठेवून म्हणाली, "हा फील."
म्हटलं, आमच्यात हत्ती तो, कडेचा. हा जमल.
"जमल? आणि तिरका चालतो?"
"तुझ्या आजोबांचा चालायचा," आई म्हणाली,
आणि एक छोटा पेला माझ्यापुढे सरकवला.

रात्रपाळी. केबिनच्या काचेखाली डबे,
निळे, तांबडे, गंजके. सरळ उचल, सरळ ठेव.
प्यादं पुढे. एवढंच होतं.
वायरलेसवर कोण विचारतंय,
सत्तावीस, का थांबलास?