अंग चोरायचा खेळ

बूट दाराशीच काढ, बोहदान. बर्फ आत आणू नकोस,
फ्रीसेनकाका आत्ताच फरशी पुसून गेलेत
आणि पुढच्या मंगळवारी जिमची किल्ली
त्यांच्याकडेच मागायची आहे.
बाहेर उणे सव्वीस. विनिपेगमध्ये फेब्रुवारीत
माणूस माणसाला दिसतो तो डोळ्यांपुरता,
वर टोपी, खाली मफलर.
म्हणून आठवड्यातून एकदा इथे यायचं,
बाह्या सरसावायच्या
आणि एकमेकांना फेकून मारायचं.

सहा इकडे, सहा तिकडे.
कागदावर तीन बायका, तीन पुरुष.
आज मारिसेलची इस्पितळात रात्रपाळी,
तर आपल्याकडे दोन-चार. चालतं.
दोनाच्या खाली चालत नाही.

मधल्या रेषेवर सहा चेंडू, स्पंजाचे,
कुणाच्या तरी कुत्र्यानं एकाचा लचका तोडलाय,
तो वाकडा जातो, तो मला ठेव.
शिट्टी झाली की धाव. चेंडू हाती आला
म्हणून तिथल्या तिथे फेकायचा नाही.
आधी मागच्या रेषेला पाय लाव,
मग तो तुझा.
हातात चेंडू असेल तर ढाल कर त्याची;
ढाल निसटली की गेलास.
नेम खांद्याखाली. डोक्यात मारलास
तर बाद तूच, आणि वर माफी.

मघाशी कानात विचारलंस ना,
बाईला हळू मारायचं का?
ती बघ, करड्या वेणीची, थोरुन.
एकोणतीस वर्षं शहराची बस चालवते.
मागच्या हिवाळ्यात एकानं तिला हळू मारला.
तिनं एका हातात झेलला,
सुटे पैसे नसलेल्या उतारूकडे बघतात
तसं त्याच्याकडे बघितलं,
म्हणाली, "तुझा थांबा आला."
झेल घेतला की फेकणारा बाहेर,
आणि झेलणाऱ्यांचा एक गडी परत आत,
जो आधी गेला तो आधी.
तेव्हा हळू मारू नकोस.
अपमान तर होतोच,
शिवाय महागात पडतं.

बाकी काय, अंग चोर.
कामावर अंग चोरणाऱ्याला नावं ठेवतात,
इथे टाळ्या पडतात.
पोट आत, गुडघा वर, कंबर वेगळ्याच गावाला.
पाठ मात्र दाखवू नकोस,
पळून जाणाऱ्यावर नेम सगळ्यांचाच लागतो.

आणि हो, पंच नाही.
लागला की आपला हात आपणच वर करायचा
आणि भिंतीशी जाऊन उभं राहायचं.

ऐकायला सोपं आहे.
तीन वर्षांपूर्वी, शेवटचा डाव,
इकडे मी एकटी, तिकडे रोडेलिओ एकटा.
त्याचा चेंडू माझ्या शर्टाला घासून गेला.
घासून म्हणजे, कापडाला कळलं, मला कळलं.
मी हात वर केला नाही.
पुढच्या फेकीत त्याला पाडला.
सगळ्यांनी मला उचललं,
थोरुननं पाठीत रट्टा घातला,
भिंतीवर पाटी आहे बघ, त्या वर्षाची, आमचं नाव.

बाहेर आले तर गाडी सुरू होईना.
बाकीचे कॉफीला पुढे गेलेले.
रोडेलिओनं स्वतःची गाडी वळवून
नाकाला नाक लावून उभी केली,
हातमोजे काढून केबलचे चिमटे लावले,
बोटं पांढरी पडलेली.
इंजिन धरलं. बॉनेट खाली आपटत म्हणाला,
"कोलेट, शर्ट फार ढगळ आहे तुझा.
एक नंबर लहान घे."
एवढंच. पुन्हा कधी विषय नाही.

आता लहान घालते. काखेत काचतो,
वाकडा चेंडू फेकताना तर जास्तच.

तो बघ आला, निळ्या टोपीवाला,
आज समोरच्या बाजूला आहे.
त्याला जोरात मार.
आधी लेस बांध.